अर्धं कुलूप

आपा,

तुमचं खातं बंद करायचं काम माझ्याकडं आलंय. तुम्ही जाऊन चाळीस दिवसही झाले नाहीत, चाळिसावा अजून व्हायचाय. परवा वानखडे सर अभ्यासिकेत आले, तुमच्या खुर्चीकडं न पाहता माझ्या टेबलापाशी उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "नंदा, बाईचं लॉगिन आता बंद करून टाकजो. चालू ठेवनं बरं नाई." ते समितीचे सचिव. बोलले ते चुकीचं नव्हतं. जो माणूस आता येणार नाही त्याच्या नावाचं दार उघडं ठेवू नये, हा आपल्या खोलीचा नियम. मी "हाव" म्हटलं आणि ते गेल्यावर दिवसभर दुसरीच कामं करत बसले.

काम तसं दोन ओळींचं. पण ते करण्याआधी तुमच्याशी बोलायचं राहिलंय. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय.

मी पहिल्यांदा मालेगावच्या या अभ्यासिकेत आले तेव्हा संगणकाला हात लावायची माझी छाती होत नव्हती. किन्हीराजाहून बसनं यायचं, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं वाचायची आणि परत जायचं, एवढंच ठरवून आले होते. तुम्ही कोपऱ्यात जुन्या संगणकांची पोटं उघडून बसला होता. कुठल्याशा ऑफिसनं टाकून दिलेली ती यंत्रं. नवी प्रणाली त्यांना पेलत नव्हती, म्हणून तुम्ही त्यांच्यावर लिनक्स टाकत होता. मी विचारलं, लिनक्स म्हणजे काय? तुम्ही वर न बघता म्हणालात, "फुकट भेटते, कोनीबी उघडून पाहू शकते, अन् म्हाताऱ्या मशिनीले चालते. आनखी काय पाह्यजे?"

मग यंत्रांना नावं द्यायची वेळ आली. लोक देवांची नावं देतात, नद्यांची देतात. तुम्ही डाळींची दिलीत. तूर, मूग, उडीद, हरभरा. आणि ज्या मोठ्या यंत्रावर सगळ्यांची खाती आणि फायली राहणार होत्या, त्याचं नाव ठेवलंत खिचडी. वानखडे सरांना ते पसंत नव्हतं. पण थोड्याच दिवसांत तेही मोठ्यानं विचारू लागले, "आज मूग काहून बंद हाय?" आणि सगळी खोली हसायची.

त्या खोलीत तुम्ही मला जी पहिली गोष्ट दिलीत ती म्हणजे माझं खातं. माझं नाव, माझा पासवर्ड, माझी जागा. घरी आम्ही तिघी बहिणी एकाच पेटीत कपडे ठेवायचो. माझं म्हणून वेगळं काही असतं, आणि ते मी सांगितल्याशिवाय कुणी उघडत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी तुम्हाला विचारलं होतं, "आपा, तुमाले तं दिसत असन माह्यं सगळं?" तुम्ही म्हणालात, "दिसू शकते. रूट हाय ना मी, साऱ्या मशिनीची मुख्य. रूटले सगळी दारं उघडी असतात. म्हनून तं त्यानं डोये खाली ठेवून चालावं लागते." मी पुढं परीक्षा दिल्या, दोनदा थोडक्यात राहिले, आणि मग तुमच्याच शेजारी दुसरी व्यवस्थापक म्हणून बसले. रूटचा पासवर्ड तुम्ही तुमच्या घरी माझ्या कानात सांगितलात. तुमच्या अम्मींना वाटलं, आपण दोघी कुणाच्या लग्नाचं बोलून राह्यलो.

आपल्या दोघींत नियमांची भक्त मी होते. तुम्ही माणसं बघायच्या. तिथंच आपलं खटकायचं.

तुषारचं आठवतं? चांगला हुशार पोरगा, पण दुसऱ्यांची खाती उघडी दिसली की त्यात बसून मुलींना त्यांच्या मित्रांच्या नावानं वाह्यात निरोप पाठवायचा. पकडला गेला. तुम्ही त्याचं खातं बंद केलंत. आठवडा उलटायच्या आत खिचडीतल्या सगळ्या सराव प्रश्नपत्रिका गायब झाल्या. सगळ्यांच्या सामायिक जागेत ठेवलेल्या होत्या, त्या त्यानं बाहेरून आत शिरून पुसून टाकल्या. तुम्ही डोक्याला हात लावून बसलात. बंद खात्यातून माणूस आत आलाच कसा?

मग आपण दोघींनी मिळून शोधलं. तुम्ही लावलेल्या कुलपानं फक्त पासवर्ड बंद होत होता. लिनक्स काय करतं, तर साठवलेल्या पासवर्डाच्या आधी एक उद्गारचिन्ह ठेवतं. मग कितीही बरोबर पासवर्ड टाका, जुळत नाही. पण तुम्हीच हौसेनं पोरांना किल्ल्या करून दिल्या होत्या. किल्ली म्हणजे पेन ड्राइव्हवरची एक लहानशी फाईल. ती जवळ असली की पासवर्ड न टाकताही घरून खिचडीत शिरता येतं. त्या दाराला तुमचं कुलूप लागलंच नव्हतं. पूर्ण बंद करायचं तर खात्याची मुदतच मागच्या तारखेची करून टाकावी लागते. मग पासवर्ड असो की किल्ली, कुणी आत येत नाही.

मी त्या दिवशी तुमच्यावर चिडले होते. "आपा, अर्धं कुलूप लावल्यापेक्षा न लावलेलं बरं. माणूस निवांत झोपते अन् चोर मागून येते." तुम्ही वाद घातला नाहीत. म्हणालात, "चुकली मी. यापुढं दोन्ही दारं." प्रश्नपत्रिका आपण पुन्हा टाइप केल्या, तूर आणि उडदावर बसून, तुमचे रोजे चालू असताना. मी तुमच्यासमोर चहा प्यायला लाजत होते, आणि तुम्ही म्हणत होता, "पे ना बाई, तुह्या चहाचा वास तं मले फुकट भेटून राह्यला."

आणि मग वैशालीची गोष्ट घडली. ती शेलूबाजारची. वडील लहानपणीच गेलेले, घर काकांच्या शब्दावर चालायचं. मनोहरकाकांची तिथं बियाण्याखताची एजन्सी, माणूस गावात वजनाचा. वैशाली कमी बोलायची आणि हरभऱ्यावर बसायची. आपण शिकवलं त्याच्या पुढं ती कधी निघून गेली ते आपल्याला कळलंही नाही. पुण्याच्या एका कंपनीनं तिला निवडीसाठी एक काम करायला दिलं होतं, एक प्रोग्राम लिहून पाठवायचा होता. ते सगळं तिच्या खात्यात होतं. घरी मात्र सोयरीक चालली होती, आणि कुणीतरी काकांच्या कानात भरलं होतं की पोरगी मालेगावात संगणकावर कोण्या पोराशी बोलत बसते.

त्या दुपारी काका जीपमधून उतरले आणि सरळ आत आले. चप्पल बाहेर काढली, तुम्हाला नमस्कार केला. तेवढी रीत त्यांनी सोडली नाही. मग म्हणाले, "बाई, आमच्या वैशालीच्या खात्यात काय हाय ते पाह्यचं हाय. पासवर्ड मी घेऊन आलो तिच्याकडून. तुमी फकस्त मशीन चालू करून द्या."

मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत, पाणी मागवलंत. "बसा, काका. मशीन चालू व्हाले टाइम लागते. म्हातारी हाय." आणि तुमच्या टेबलावरच्या यंत्रावर काहीतरी टाइप करत राहिलात. मग हरभऱ्यासमोर त्यांना बसवलंत. त्यांनी एकेका बोटानं तिचं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. चुकीचा. परत टाकला. चुकीचा. ते लाल झाले. "पोरगी खोटं बोलली मले."

"नाई जी," तुम्ही म्हणालात, "पोरगी खरं बोलली. पासवर्ड बरोबर हाय. म्या आत्ता बंद केला."

खोलीतली पोरं वाचायची थांबली. काका उठून उभे राहिले. "काहून?"

"दुसऱ्याच्या पासवर्डनं कोनी आत जाऊन राह्यला असं दिसलं की मले बंद करावं लागते. तुमी असा, नाई तं माहा बाप असो. नियम हाय इथला."

काका परत त्या पडद्याकडं वळले. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे आता पोरगी बी आत नाई जाऊ शकत?"

"पासवर्ड टाकून तं पोरगी बी नाई जाऊ शकत."

"बरं," ते म्हणाले. "बंदच राहू द्या मंग." आणि चप्पल घालून गेले. पाण्याचा गिलास तसाच राहिला.

मी मात्र तुमच्याशी बोलले नाही. त्या माणसाला खातं दाखवलं नाही ते बरोबर, पण पोरीचं काम आत अडकलं, तिची पाठवायची तारीख जवळ आली होती, आणि तुम्ही तिलाच बाहेर ठेवलंत! मी म्हटलं, "वैशालीनं काय केलं व्हतं की तिले शिक्षा?" तुम्ही म्हणालात, "पाहू," आणि प्रिंटरचा कागद सरळ करत बसलात. इतका राग मला तुमचा कधीच आला नव्हता. मी बॅग उचलली आणि बस यायला अवकाश असताना स्टँडवर जाऊन बसले. पुढचे कितीतरी दिवस मी तुमच्याशी कामापुरतं बोलले. वैशालीला वाशीमला मावशीकडं पाठवून दिल्याचं कळलं, तेव्हा तर मी तुम्हाला ती बातमी सांगितलीही नाही.

मग एका सकाळी खिचडी बंद करून साफ करायची होती. बंद करायच्या आधी आत कोण कोण आहे ते बघायचं, म्हणून मी ती आज्ञा दिली. पडद्यावर दोन नावं आली. एक माझं. दुसरं वैशालीचं.

मी खुर्चीवरून उठलेच. तुषार डोळ्यांसमोर आला. मग हळूहळू उजेड पडला. वैशालीकडं किल्ली होती. वाशीमला मावशीच्या घरी लॅपटॉप होता. आणि तुम्ही, ज्यांना दोन्ही दारं पाठ होती, त्यांनी त्या दुपारी फक्त पासवर्डाचं दार लावलं होतं. काकांच्या हातात जे होतं तेवढंच बंद केलं होतं. पोरीच्या हातात जे होतं ते तसंच ठेवलं होतं.

तुम्ही मागून आलात, पडदा बघितला आणि म्हणालात, "आज खिचडी बंद नको करू. पोरगी काम करून राह्यली."

तिथून आपलं खरं भांडण सुरू झालं. मी म्हटलं, तुम्ही त्या माणसाला फसवलं. तुम्ही म्हणालात, "एक शब्द खोटा दाखव." मी म्हटलं, शब्द खोटा नव्हता, पण समजूत खोटी करून दिली. कुलूप म्हणजे कुलूप. आज चांगल्या पोरीसाठी अर्धं ठेवलं, उद्या कुणासाठी ठेवणार, आणि ते कोण ठरवणार? तुम्ही म्हणालात, "मी ठरवीन. तिथं बसली कायले मंग मी?" मी म्हटलं, हे तर राजाचं बोलणं झालं. तुम्ही हसलात. "राजाच असते रूट."

पण मला जे लागलं होतं ते वेगळंच होतं, आणि तेही मी शेवटी बोलून टाकलं. "मले काहून नाई सांगितलं? माह्यावर भरोसा नव्हता?"

तुम्ही माझ्या हातावर हात ठेवलात. "तुह्यावर हाय. तुह्या तोंडावर नाई. काका परत आले असते, तं त्याहीनं तुह्याकडंच पाह्यलं असतं. तुह्या तोंडावरचा राग पाहून तं त्याहीले पटलं असतं."

मला ते पटलं आणि पटलंही नाही. तुम्ही माझा राग वापरलात, हे मी त्यानंतर निदान वर्षभर तुम्हाला ऐकवत राहिले. वैशालीनं काम वेळेत पाठवलं, तिची निवड झाली. काका म्हणे स्वतःच तिची बॅग जीपमध्ये ठेवून तिला स्टँडवर सोडून आले. ती सोयरीक काही जमली नाही. सगळं नीट झालं. तरी मी तुम्हाला सोडलं नाही. कधी पोरांची खाती उघडताना, कधी ईदच्या दिवशी तुमच्या घरी शिरखुर्मा खाताना, मी मध्येच म्हणायची, "पन काकाले फसवलंच तुमी." आणि तुम्ही दुसरी वाटी भरून पुढं सरकवायच्या. "खा. तोंड बंद ठेवायले हेच बरं." यावर पुढं नीट बसून बोलू, असं मी दर वेळी म्हणायची. मग तुम्हाला ताप आला, अंगावर काढलात, अकोल्याला नेलं, आणि तिथून तुम्ही परत आलात ते बोलण्यासारख्या नव्हतात.

आता तुम्ही गेल्यानंतरचं सांगते, कारण हे तुम्हाला कळायला हवं होतं.

तुमच्या मयतीला अख्खं मालेगाव होतं. कितीतरी पोरं बाहेरगावाहून आली होती. वैशाली पुण्याहून आली. मी आणि ती आत अम्मींपाशी बसलो होतो. काही दिवसांनी, गर्दी ओसरल्यावर, मनोहरकाका आले. थकलेत आता. ते ओसरीवर तुमच्या भाईजानपाशी बसले, थोडं बोलले, आणि निघताना मला बाजूला बोलावलं.

"बाई लय मोठ्या मनाची व्हती," ते म्हणाले. मी मान हलवली. मला वाटलं, खातं बंद केल्याबद्दल बोलतायत. मनात म्हटलं, अजूनही यांना माहीत नाही. आणि तुमच्याशी केलेलं सगळं भांडण आठवलं. सांगून टाकावं का, असंही वाटून गेलं.

मग तेच म्हणाले, "मले मालूम व्हतं, नंदाबाई."

"काय मालूम व्हतं, काका?"

"पोरगी वाशीमले बसून काम करून राह्यली व्हती ते. ती तिकडं गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिच्या मावशीनं फोन केला. म्हने, पोरगी दिवसभर मशीनवर बसते, हे तुमच्या मालेगावचंच काम चालू हाय, बंद करू का? म्या म्हटलं, राहू दे." त्यांनी खांद्यावरचा गमछा हातात घेतला. "मी त्या दिवशी मालेगावले आलो तं घरचे, सोयरे, सगळे मांगं लागले व्हते. पाहूनच ये म्हने. पाह्यलं असतं अन् काही असतं नसतं, तं मले पोरीच्या तोंडाकडं परत पाह्यता आलं असतं का? बाईनं मले घरी जाऊन सांगाले एक गोष्ट देल्ली. बंद झालं, म्हटलं म्या सगळ्याहीले. सगळे चूप बसले. मी बी."

 ते गमछ्यानं तोंड पुसत म्हणाले, "म्या कधी बाईले हे सांगितलं नाई. सांगाले पाह्यजे व्हतं." आणि जीपकडं गेले.

आपा, तुम्हाला हे माहीत होतं का? त्या दुपारी तुम्ही त्यांच्या तोंडाकडं बघून ओळखलं होतंत का, की हा माणूस बघायला आलाय, पण बघायची त्याची इच्छा नाही? की तुम्ही फक्त पोरीचा विचार केलात, आणि बाकीचं आपसूक झालं? मला विचारायचंय. इतकी वर्षं मी तुमच्याशी त्या माणसाच्या बाजूनं भांडत होते, आणि त्याची बाजू मला ठाऊकच नव्हती. तरीही सांगते, अर्धं कुलूप लावणं मला अजून मान्य नाही. सगळ्यांकडं तुमचे डोळे नसतात. माझ्याकडं नाहीत. म्हणून मी नियमानंच चालणार. यावर तुम्ही काय म्हणाला असता ते मला पाठ आहे, पण तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय ते खरं वाटत नाही.

काल मी अम्मींकडं गेले. म्हटलं, आपांच्या खात्यात त्यांचं काय काय असेल, फोटो असतील, काही लिहिलेलं असेल. मला उघडता येतं. तुम्हाला बघायचं असेल तर काढून आणते. अम्मी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "तूने देखा?"

"नहीं देखा, अम्मी."

"तो मत देख, बेटी. उसका है." आणि परत ताटाकडं वळल्या.

आज सकाळी, पोरं यायच्या आधी, मी बसले. खिचडीची जी कामं तुमच्या नावानं आपोआप चालायची ती अभ्यासिकेच्या नावावर घेतली. मग तुमचा पासवर्ड बंद केला. तुमच्या किल्ल्या काढल्या. खात्याची मुदत मागच्या तारखेची केली. काही पुसलं नाही. तुमचं जे आहे ते जिथं होतं तिथंच आहे, आणि तिथं कुणी जाणार नाही, मीही नाही.  तुम्ही शेजारी असता तर म्हणाला असता, "आता तपासून बी पाह्य."

तपासलं. रूटवरून तुमच्या नावात जायचा प्रयत्न केला. पडद्यावर इंग्रजीतली ती नेहमीची ओळ आली. पोरांना आपण कितीदा तिचा अर्थ मराठीत सांगितला असेल: या खात्याची मुदत संपली आहे, कृपया आपल्या व्यवस्थापकाशी संपर्क साधावा.

ती ओळ आली की पोरं तुमच्या टेबलाकडं बघायची. मीही बघितलं. सवयीनं. मग कळलं, ती आता माझ्याकडं पाठवते आहे.

तेवढ्यात दारातून एका पोरीनं हाक मारली, "ताई, माहा पासवर्ड चालून नाई राह्यला." मी पडद्यावरची ती ओळ पुसली, आणि उठून तिच्यापाशी गेले.

तुमची,
नंदा